मासळी, पाव आणि नौपाड्याची चूल

रविवारीं सकाळीं अकराच्या सुमारास ठाण्याच्या नौपाडा भागांत एखाद्या घरीं तव्यावर सुरमईची तुकडी पडते. शेजारीं लादीपाव ठेवलेला असतो. मासा दोन्ही अंगांनीं तांबूस झाला, कीं पाव मधोमध चिरावा, तव्यावर उरलेल्या तेलांत क्षणभर पालथा घालावा, आंत हिरवी चटणी फासावी, वर तुकडी ठेवावी, लिंबू पिळावें आणि हाताला चटका बसत असतांनाच खावें. सारें काम पाऊण घटकेचें. एवढ्याशा खाण्याला इतिहास तो कसला असावयाचा, असें कोणासही वाटेल. परंतु हा पदार्थ नौपाड्यांतील चुलीपर्यंत येण्यास चार शतकें लागलीं. आणि त्या चार शतकांत वाट अडविली ती मासळीनें नव्हे, पावानें.

ठाणें शहराची ठेवण पाहिली, म्हणजे हा विलंब अधिकच नवलाचा वाटतो. नौपाडा हा स्टेशनच्या पश्चिमेचा भाग. चेंदणीचा कोळीवाडा तेथून थोड्याशा चालीवर. मासुंदा तलावाच्या कांठीं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, आणि त्याच तलावाच्या परिसरांत १७६० सालीं सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं ज्याचा जीर्णोद्धार केला तें कौपिनेश्वराचें देऊळ. मासा धरणारे, पाव खाणारे आणि पावाला न शिवणारे असे तिन्ही प्रकारचे लोक एका मैलाच्या आंत पिढ्यान् पिढ्या नांदत होते. एकाच्या घंटेचा नाद दुसऱ्याच्या ओटीवर ऐकूं जात होता. तरीही हिंदु घराच्या ताटांत मासा आणि पाव शेजारीं शेजारीं बसले नाहींत.

मासळीची बाजू आधीं पाहणें सोयीचें. ठाण्याची खाडी एका अंगानें उल्हास नदीच्या पाण्याशीं आणि दुसऱ्या अंगानें मुंबईच्या बंदराशीं जोडलेली आहे. भरतीबरोबर वर चढणारें खारें पाणी आणि पावसाळ्यांत उतरणारें गोडें पाणी यांच्या मिश्रणावर जी मासळी जगते, तीच चेंदणीच्या कोळ्यांचें पिढीजात धन. जिताडा, बोय, कोलंबी, चिंबोरी आणि चिखलांत उड्या मारणारी निवटी ही खाडीची मासळी. बोंबील, पापलेट, सुरमई, रावस ही बाहेरच्या समुद्राची. त्यांतल्या बोंबलासाठीं भरती-ओहोटीच्या ओढींत डोल जाळें रोवून ठेवावें लागतें. प्रवाहच मासळी आणून जाळ्यांत घालतो.

ही मासळी खाणाऱ्यांची वाण ह्या भागांत कधींच नव्हती. कोळी, आगरी, भंडारी आणि मराठे हे तर खातच. पण लिहिण्यावाचण्याचा पेशा पत्करलेले चांद्रसेनीय कायस्थ प्रभु, पाठारे प्रभु आणि सारस्वत यांच्याही स्वयंपाकघरांत तिला मानाची जागा होती. चित्पावन आणि देशस्थ घरें तिला शिवत नसत, आणि नौपाड्यांत अशीं घरेंही पुष्कळ. त्यामुळें एकाच वाड्यांत एका बिऱ्हाडीं बोंबील तळला जावा आणि दुसऱ्या बिऱ्हाडीं खिडकी लावली जावी, हें कांहीं अपूर्व दृश्य नव्हे. मासळी खाणाऱ्या घरांतही वार पाळावयाचे, एकादशी-चतुर्थी पाळावयाची, श्रावण पाळावयाचा. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिला, कीं होड्या पुन्हां बाहेर पडत. तोंवर सुकट आणि सुके बोंबील यांवर भागवावयाचें. एवढे नियम संभाळून खाल्ला जाणारा पदार्थ हा धर्माबाहेरचा मानला जात नव्हता, हें उघड आहे.

परंतु मासळी खावयाची ती भाताबरोबर किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर. कालवण हें जेवणाचें मुख्य अंग. तळलेली तुकडी ही तोंडीं लावण्याची. ती हातांत धरून, ताटावांचून, उभ्या उभ्या खावी ही कल्पनाच त्या स्वयंपाकघराला परकी होती. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें एक हजार पाकक्रियांचें ‘गृहिणी-मित्र’ हें पुस्तक निघालें. मासळी खाणाऱ्या पाठारे प्रभु समाजांतील एका गृहिणीनें एवढा मोठा संग्रह छापावा, ह्यावरून त्या समाजांत स्वयंपाकाला विद्येची प्रतिष्ठा कशी आली होती तें दिसतें.

आतां पाव. हा शब्द पोर्तुगीज. त्या भाषेंत भाकरीचा जो अनुनासिक उच्चाराचा शब्द आहे, त्याचेंच हें मराठी रूप. पिठास पायांनीं तुडवितात म्हणून पाव, किंवा चार भागांपैकीं एक म्हणून पाव, ह्या व्युत्पत्ति चहाच्या बैठकींत शोभून दिसतात. भाषेच्या इतिहासांत त्यांना जागा नाहीं. साबण, परात, घमेलें, चावी, पगार, लिलाव, बटाटा हे शब्द ज्या गलबतांतून उतरले, त्यांतूनच पावही उतरला. मौज अशी, कीं त्याच गलबतांतून आलेला बटाटा पुढें एकादशीच्या फराळांत जाऊन बसला. मिरची तर कोणी परकी म्हणतच नाहीं. पाव मात्र उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

तो कां उभा राहिला, हें समजण्यास ठाण्याचा राजकीय इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादूरशहानें वसई आणि तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांत साष्टी आणि ठाणेंही गेलें. तेव्हांपासून सुमारें दोनशें वर्षें ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. ठाण्याच्या किल्ल्याचें काम त्यांनीं १७३० सालीं हातीं घेतलें. तें पुरें होण्यापूर्वींच १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसई सर केली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला जिंकला. राज्य तीनदां पालटलें. पोर्तुगीजांच्या अमदानींत ख्रिस्ती झालेले शेतकरी व कोळी मात्र जागच्या जागींच राहिले. त्यांचेच वंशज १८८७ सालापासून ईस्ट इंडियन ह्या नांवानें ओळखले जातात.

पोर्तुगीज मनुष्याला गव्हाची भाकरी ही नुसती खाण्याची वस्तु नव्हती. ख्रिस्ती उपासनेंतही गव्हाच्या भाकरीवांचून चालत नाहीं. हा मुलूख तर भाताचा. गहूं बाहेरून आणतां येई. अडचण होती ती पीठ फुगविणाऱ्या आंबवणाची. युरोपांत तें दारूच्या भट्टीवाल्यांकडून मिळे. येथें त्याच्या जागीं कोंकणानें ताडी-माडी पुढें केली. झाडावरून उतरल्यापासून थोड्याच तासांत ताडी फसफसूं लागते. कारण तींतील साखरेवर सूक्ष्म किण्व वाढतें आणि वायु सोडूं लागतें. तीच ताडी पिठांत मिसळली, कीं तो वायु कणकेंत कोंडला जातो आणि कणीक फुगते. भंडाऱ्याचें मडकें आणि फिरंग्याची भट्टी यांच्या संयोगांतून हा पाव जन्मला. म्हणजे पाव हा जितका परदेशी, तितकाच कोंकणी होता. ही गोष्ट त्या काळीं कोणी बोलून दाखविली असती, तर दोन्ही बाजूंनीं रागच आला असता.

आणि हिंदु समाजाच्या दृष्टीनें हींच पावाचीं पापें ठरलीं. एक तर त्यांत ताडी. दुसरें, तो परधर्मीयाच्या हातानें पाण्यांत भिजविलेला. तुपांत तळलेला पदार्थ परक्याच्या हातचा एक वेळ चाले, पाण्यांत भिजविलेलें अन्न चालत नसे. तिसरें, तो कालचा, म्हणजे शिळा. पण ह्या तिन्हींपेक्षां मोठें कारण निराळेंच होतें. पाव खाणें म्हणजे बाटणें, हें समीकरण पोर्तुगीज अमलांतील धर्मांतराच्या आठवणीनें पक्कें झालें. फिरंग्यांनीं विहिरींत पावाचा तुकडा टाकावा, आणि तें पाणी प्यालेल्या साऱ्या गांवाला शेजारच्या गांवांनीं बाटलेलें ठरवावें, अशी कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकूं नये. मात्र ती सांगणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मनांत एका पावाच्या तुकड्याचें वजन किती होतें, तें तिच्यांत बिनचूक उतरलें आहे. त्या कथेंत तलवार नाहीं, तोफ नाहीं. आहे तो पाव. आणि खरा घाव घालणारा फिरंगी नसून शेजारचें गांव आहे, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ख्रिस्ती घरांत अर्थातच ही अडचण नव्हती. त्यांच्या सणाला फुगे तळले जात, रोजच्या जेवणांत तांदळाची भाकरी असे, आणि मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारीं व ईस्टरपूर्वीच्या उपासकाळांत मासळी हाच आधार असे. मासळी आणि पाव यांची सोयरीक ठाण्यांत प्रथम जुळली असेल, तर ती ह्याच घरांत. कौपिनेश्वराच्या बाजूला ती पोंचण्यास मध्यें केवळ एक तलाव होता. तेवढा तलाव ओलांडण्यास मात्र जवळजवळ सारें एकोणिसावें शतक खर्ची पडलें.

ह्या ओलांडण्याचा आरंभ मुंबईंत झाला, आणि तो चोरून झाला. १८४९ सालीं मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांचे सहकारी यांनीं परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणें हा तिचा मुख्य हेतु. नव्या सभासदाची परीक्षा कशी घ्यावयाची? त्याला ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावयास देत. शपथ तोंडानें घेतां येते आणि तोंडानें मोडतांही येते. गिळलेला तुकडा परत काढतां येत नाहीं. सभेचे लोक सुशिक्षित होते, धीट होते, तरी बैठका गुप्त ठेवीत. कारण बाहेर कळलें तर पंक्तीला बसणें, मुलींचीं लग्नें जमणें, मृतास खांदा मिळणें, सारेंच अडावयाचें. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, नांवें फुटणार अशी धास्ती पडली, आणि सभा विस्कळित झाली. तिच्यांतील कांहीं मंडळी पुढें १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थना समाजांत दिसतात. त्या सभेनें काय साधलें ह्यावर मतभेद होऊं शकेल. परंतु घासभर पावानें माणसाचें सामाजिक आयुष्य पणाला लागत होतें, ह्याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

चाळीस वर्षांनंतरही स्थिति फार निराळी नव्हती. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका समारंभास न्यायमूर्ति रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथें चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसता पेल्याला हात लावला. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला, आणि रानड्यांसारख्या पुरुषानेंही तें घेऊन वाद मिटविला. त्यांच्या पक्षांतील तरुणांना तें रुचलें नाहीं. बिस्किट हा पावाचाच धाकटा भाऊ. राज्य इंग्रजांचें, न्यायालयांत न्यायमूर्ति हिंदु, आणि खटला बिस्किटाचा, असा तो काळ होता.

मात्र ह्या मधल्या काळांत एक गोष्ट अशी घडली, कीं तिच्यापुढें प्रायश्चित्ताचें कांहीं चालेना. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी २१ मैलांचा पल्ला काटून ठाण्यास आली. १४ डब्यांतून सुमारें ४०० निमंत्रित उतरले. त्यांच्या फराळासाठीं ठाण्यास तंबू उभारलेले होते. पुढच्याच वर्षीं गाडी खाडी ओलांडून कल्याणास गेली. ह्या रुळांनीं चेंदणीच्या कोळीवाड्याचे दोन भाग केले, आणि स्टेशनच्या पश्चिमेस नौपाड्यासारख्या वस्तीला वाढण्याचें कारण दिलें. सकाळच्या गाडीनें मुंबईच्या कचेरींत जाणारा आणि दिवेलागणीस परतणारा कारकून ही नवी जात निर्माण झाली. डब्यांत खांद्याला खांदा लागणारच; तेथें सोंवळें कोण संभाळणार? घरीं पुन्हां स्नान करतां येई, पण दिवसांतून दहा तास पोट बाहेर होतें.

(मुंबईच्या इंग्रजानें सुक्या बोंबलास ‘बाँबे डक’ म्हटलें, तें टपालाच्या गाडींतून, म्हणजे ‘डाके’तून, त्याचा वास येई म्हणून, अशी एक लाडकी गोष्ट आहे. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीं तें नांव छापील इंग्रजींत आढळत असल्यामुळें ती सोडून द्यावी लागते.)

त्या बाहेरच्या पोटाची सोय इराण्यांनीं केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं इराणी मंडळींचीं दुकानें मुंबईच्या नाक्यानाक्यांवर दिसूं लागलीं. चहाचा पेला आणि मस्कापाव घेऊन कारकून संगमरवरी टेबलाशीं बसे. शेजारीं कोण बसला आहे, हें विचारण्याची तेथें सोयच नव्हती. गोमंतकांतून आलेल्या ख्रिस्ती भट्टीवाल्यांचा पाव तर दारोदार फिरत होताच. आणि घरांत पाव शिरला तो एका अगदीं निरुपद्रवी दारानें: आजाऱ्यासाठीं. डॉक्टरनें दूधपाव सांगितला, तर आजीबाईंचाही इलाज चालत नसे. आजारी बरा झाला, पाव राहिला. दुसऱ्या महायुद्धानें उरलेलें काम केलें. १९४२ सालीं ब्रह्मदेश पडला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला, १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि जन्मभर भात खाणाऱ्यांना गव्हाची ओळख करून घ्यावी लागली. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनीं बटाटेवडा पावांत घालून विकण्यास सुरवात केली, असें सामान्यतः मानतात. परदेशी बटाटा आणि परदेशी पाव अशा रीतीनें चारशें वर्षांनीं पुन्हां भेटले आणि मराठी म्हणून मिरवूं लागले. वडापाव मिळत नाहीं, असा कोपरा आज ठाणें स्टेशनच्या आसपास शोधावा लागेल. वडा जेथें बसला तेथें तळलेला मासा बसण्यास आतां कोणतीच हरकत उरली नव्हती.

सँडविच हें नांव ह्या पदार्थाला लावावें कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे. इंग्लंडांत सँडविचच्या चौथ्या अर्लावरून तें पडलें. एडवर्ड गिबन ह्या इतिहासकारानें आपल्या रोजनिशींत नोव्हेंबर १७६२ मध्यें त्याचा उल्लेख केला आहे. तें सँडविच थंड मांसाचें, दोन चकत्यांमध्यें दाबलेलें. नौपाड्याचें सँडविच गरम. आणि त्याचें सारें मर्म त्या गरमपणांतच आहे. निवालेला तळलेला मासा कितीही चांगला असला, तरी त्याचें कवच मऊ पडतें आणि पाव ओला होतो.

म्हणून कृति साधी असली, तरी तिचा क्रम चुकवितां येत नाहीं. पहिला विचार कांट्याचा. भाताबरोबर मासा खातांना बोटें कांटा शोधतात. पावांत बोटांना ती संधि नाहीं. तेव्हां रावस, घोळ किंवा जिताडा यांचे कांटे काढलेले तुकडे उत्तम. सुरमईची तुकडी मधला मणका काढून घ्यावी. मांदेली लहान, ती कुरकुरीत तळली म्हणजे कांट्यासकट खपते. पण सर्वांत सरस बोंबील. त्याच्या अंगांत शंभर भागांपैकीं ८५ ते ९० भाग पाणीच. पोट साफ करून, तो उभा चिरून, मधला कांटा काढून, मीठ लावून दोन फळ्यांमध्यें ठेवावा आणि वर पाटा-वरवंट्याचें वजन द्यावें. घटकाभरांत पाणी निथळतें. हें न करतां जो बोंबील तव्यावर टाकील, त्याला तळलेला मासा न मिळतां शिजलेला लगदा मिळेल.

नंतर हळद, तिखट, मीठ, आलें-लसणाचें वाटण आणि कोकमाचें आगळ किंवा लिंबाचा रस चोळून मासा थोडा वेळ ठेवावा. फार वेळ ठेवला तर आंबटानें त्याचें मांस भुसभुशीत होतें. तांदळाचें पीठ आणि रवा एकत्र करून त्यांत तुकडी घोळवावी. पीठ वरचा ओलावा शोषून घेतें, रवा टणक कवच धरतो, आणि आंतला रस आंतच राहतो. तवा आधीं चांगला तापलेला हवा. मासा टाकल्यावर उलथन्यानें त्याला सारखें टोंचणें ही नवशिक्याची खूण. खालचें कवच धरलें, कीं तुकडी आपोआप तव्यापासून सुटते, आणि तेव्हांच ती एकदां उलटावी. तळून झाल्यावर ती सपाट बशींत ठेवूं नये. वाफ खालीं साचते. जाळीवर किंवा कलत्या ताटलींत क्षणभर ठेवावी, तेवढ्या वेळांत पाव भाजून घ्यावा.

पाव लादीचाच बरा. लादीपाव भट्टींत एकमेकांस चिकटून भाजले जातात. म्हणून त्यांच्या बाजू मऊ राहतात आणि फक्त माथा व तळ यांना कवच येतें. मासा कुरकुरीत, पाव मऊ, हें जोडपें जमतें. कडक ब्रूनपाव घेतला तर दोघेही हट्टी, आणि टाळूला इजा. चिरलेल्या पावाच्या आंतल्या अंगास लोणी किंवा तव्यावरचें तेल लावून भाजलें, म्हणजे स्निग्धतेचा एक पापुद्रा तयार होतो आणि चटणीचें पाणी पावांत मुरत नाहीं. चटणी ओल्या नारळाची, कोथिंबिरीची, हिरव्या मिरचीची. कांद्याच्या दोन चकत्या. यापेक्षां अधिक कांहीं घालूं नये. जेथें मासा ताजा असतो तेथें सजावट लागत नाहीं.

परदेशांतील एक हकीकत येथें उपयोगी पडते. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरांत मॅक्डोनल्डच्या एका दुकानाचे चालक लू ग्रोन यांचें गिऱ्हाईक बहुतेक कॅथॉलिक. शुक्रवारीं मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशीं दुकान ओस पडे. १९६२ सालीं त्यांनीं पावांत तळलेला मासा घालून विकण्याची परवानगी मागितली. कंपनीचे मुख्य रे क्रॉक यांच्या मनांत मांसाच्या जागीं अननसाची चकती घालावयाची होती. दोन्ही पदार्थ एकाच दिवशीं विकावयाचे आणि खपेल तो ठेवावयाचा, असें ठरलें, मासा जिंकला. सिनसिनाटींत धर्मानें मासळीला पावांत लोटलें. ठाण्यांत धर्मानेंच पावाला मासळीपासून दूर ठेवलें. इस्तंबूलच्या गलाता पुलापाशीं मात्र ह्या वादाचा मागमूस नाहीं. तेथें भाजलेला गरम मासा अर्ध्या लांबट पावांत घालून कांद्यासह देतात, आणि मुसलमान, ख्रिस्ती, यात्रेकरू, खलाशी सारेच तो उभ्यानें खातात.

नौपाड्यांत पावाची अडचण संपली, आणि त्याच सुमारास मासळीची सुरू झाली. १९६० नंतर ठाणें-बेलापूर पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. त्यांचें सांडपाणी, वाढत्या शहराचा मैला आणि साचणारा गाळ यांनीं खाडी उथळ व मलिन केली. चेंदणीच्या कोळ्यांचीं मुलें नोकऱ्यांस लागलीं. होड्या कमी झाल्या. ज्या खाडींतून ठाण्याला पोर्तुगीजांच्याही आधींपासून मासळी मिळत आली, तिचा आतां मोठा लौकिक रोहित पक्ष्यांसाठीं आहे: २०१५ सालीं ती रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाली, आणि २०२२ सालीं तिला रामसर स्थळांत जागा मिळाली. खारफुटीला आणि पक्ष्यांना संरक्षण मिळालें हें चांगलेंच. पण नौपाड्याच्या तव्यावर पडणारी सुरमई आज ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरून बर्फांत घालून येते. परमहंस सभेच्या काळीं मासा दाराशीं होता आणि पाव दूर होता. आतां पाव दाराशीं आहे.

खाडीचा जिताडा अजून क्वचित् मिळतो, आणि तो ज्याच्या हातीं लागला त्यानें तो पावांत न घालतां कालवणांतच घालावा, असा जुन्या ठाणेकरांचा आग्रह असतो. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. १ जून ते ३१ जुलै ह्या ६१ दिवसांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा नाद सोडून सुका बोंबील बाहेर काढावा लागतो. तो विस्तवावर भाजून, कुटून, कांदा, ओलें खोबरें आणि हिरवी मिरची यांबरोबर परतून गरम पावांत भरतां येतो. पाऊस लागलेला असेल तर खिडकी लावून घ्यावी, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार येत नाहीं.